बडोद्यात हीटर कोण लावतो

बडोद्यात तरसालीच्या वळणावर बळवंतराव शितोळे यांचे गॅरेज आहे. आत तीन गाड्या मावतात, चौथी रस्त्यावर उभी राहते. त्यांचे पणजोबा बडोदा संस्थानच्या फौजेत होते, तेव्हापासून घराणे इथलेच. बळवंतराव चौतीस वर्षे गाड्या दुरुस्त करतात. गिऱ्हाइकाला समोर उभे करून बॉनेट उघडायचे आणि दोष त्यालाच हात लावायला सांगून दाखवायचा, ही त्यांची पद्धत. काम त्यामुळे सावकाश होते, पण वाद होत नाहीत.

जानेवारीतल्या एका बुधवारी शलाका मोहिते आपल्या आईला, मथुराबाईंना, घेऊन तिथे आल्या. शलाकांची सिमल्याला बदली झाली होती. शुक्रवारी पहाटे आई आणि सामानासह गाडीनेच निघायचे ठरले होते. मथुराबाईंना दमा आहे, गार हवेने धाप लागते. आदल्या रविवारी दोघी चाचणी म्हणून आबूला जाऊन आल्या, तर पहाटे घाट उतरताना हीटरमधून गार वारा आला. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये सांगितले, हीटरच्या आतला छोटा रेडिएटर चोंदलाय, सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागेल, चार दिवस लागतील.

"चार दिवस नाहीत माझ्याकडे," शलाका म्हणाल्या. "हीटर नाही चालला तर आईला इथेच नागरवाड्यात मामाकडे ठेवून जावं लागेल."

"ठेवून जायला मी काय पेटारा आहे?" मथुराबाई म्हणाल्या.

बळवंतरावांनी गाडी सुरू करून वीस मिनिटे तशीच चालू ठेवली. तापमानाचा काटा तळाशीच राहिला. मग त्यांनी इंजिनाकडून हीटरकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्या दाखवल्या.

"हात लावा, शलाकाबेन. सांभाळून. कुठली गरम आहे?"

"दोन्ही कोमट."

"चोंदलं असतं तर एक गरम आणि एक गार लागली असती. पाणी नीट फिरतंय, पण तापतच नाहीये. हीटर बरोबर आहे. डॅशबोर्डला हात लावायचा नाही."

मग न तापण्याचे कारण शोधायचे राहिले. इंजिन निवल्यावर त्यांनी थर्मोस्टॅटचे झाकण खोलले. पाणी पुरेसे तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही छोटी झडप. झाकणाखाली ती नव्हतीच, नुसते भोक होते. पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये जाऊन थंड होत होते. बडोद्यात निदान कोमट तरी राहायचे. आबूच्या थंडीत तेवढेही नाही.

झाकणाच्या कडेला ते चिकटवायच्या लाल सिलिकॉनची जाड रेघ होती. बळवंतरावांनी नखाने तिचा तुकडा काढून पाहिला.

"कोणी काढला हा?" शलाकांनी विचारले.

"मीच. ही रेघ माझ्याच हातची. आठ वर्षं झाली. मे महिन्यात तुमची गाडी करजणला ट्रॅफिकमध्ये तापली होती, आठवतं? टो करून आणली होतीत."

उन्हाळ्यात गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून टाकायचा, हा इकडच्या बऱ्याच मिस्त्रींचा रिवाज. गाडी तापायची थांबते, गिऱ्हाईक खूश होते.

"म्हणजे चोर घरातलाच निघाला," मथुराबाई म्हणाल्या.

"बडोद्यात हीटर कोण लावतो, काकी? तेव्हा असंच वाटलं."

"आम्हाला विचारलं होतंत?" शलाकांचा आवाज चढला नव्हता.

"नाही."

नवा थर्मोस्टॅट आणायला बळवंतरावांनी स्कूटर काढली. पहिल्या दोन दुकानांत थर्मोस्टॅट नव्हता. तिसऱ्यात दुकानदाराने माळ्यावरून धुळीने माखलेला डबा काढला. "काका, आ तो कोई मांगतुं ज नथी," तो म्हणाला. हा भाग कोणी मागतच नाही, अशी त्याची तक्रार.

इतकी वर्षे पडून राहिलेला भाग त्यांनी सरळ बसवला नाही. गुरुवारी सकाळी शलाका आल्यावर त्यांच्यासमोरच पातेल्यात पाणी तापत ठेवून तो तारेने आत सोडला आणि शेजारी थर्मामीटर धरला. भागावर ब्याऐंशी अंश कोरले होते. झडप त्र्याऐंशीला उघडू लागली. मग तो बसवला, नवे कूलंट भरले, नळ्यांतली हवा काढली. दहा मिनिटांत हीटरमधून चांगली गरम हवा येऊ लागली.

शलाकांनी किल्लीसाठी हात पुढे केला. बळवंतरावांनी किल्ली दिली नाही.

"आता दुसरी भीती आहे. तेव्हा गाडी तापली होती ती थर्मोस्टॅटमुळेच, असं मी न तपासता धरून चाललो. खरं कारण मी शोधलंच नव्हतं. ते अजून असेल तर गाडी घाटात बंद पडेल, काकींना घेऊन."

एसी लावून गाडी जागेवरच चालू ठेवली. काटा मध्यावर आला, मग वर सरकू लागला. रेडिएटरचा पंखा सुरू व्हायला हवा होता, झाला नाही. त्यांनी इंजिन बंद केले. पंख्याच्या वायरचा जोड गंजून हिरवा पडला होता. तो कापून नवा लावायला अर्धा तास लागला. पुन्हा चालू केल्यावर पंखा आपोआप सुरू झाला आणि थोड्या वेळाने थांबला. असे चार वेळा झाले, तेव्हा त्यांनी किल्ली दिली.

"इतकी वर्षं हे असंच होतं?" शलाकांनी विचारले.

"हो. चालत्या गाडीत वारा लागतो, आणि थर्मोस्टॅट नव्हता. म्हणून दिसलं नाही."

मायलेकी शुक्रवारी पहाटे निघाल्या. रविवारी दुपारी फोन आला, तेव्हा बळवंतराव एका व्हॅनखाली होते.

"पोचलो, बळवंतराव. सोलनच्या पुढे बाहेर चार अंश होते. आईने हीटर कमी करायला लावला."

"धाप?"

"नाही लागली."

"आणि काटा?"

"मध्यावर होता. सबंध घाट."

"चालो," बळवंतराव म्हणाले आणि पुन्हा व्हॅनखाली गेले.