बदनाम घरांची भाडेकरू

घर बघायला शीतलला फार वेळ लागत नाही. पाणी किती वाजता येतं आणि इथं काय झालं होतं, एवढंच ती विचारते.

चार वर्षांत चार घरं झाली. पहिलं भांडुपचं, तिथं एका म्हाताऱ्याने पंख्याला गळफास घेतला होता. दुसरं घाटकोपरचं, तिथं म्हणे तान्हं मूल रडायचं. तिसरं पुन्हा भांडुपला, आणि त्याबद्दल कोणी काही सांगायलाच तयार नव्हतं. चौथं हे मुलुंडचं, दुसऱ्या मजल्यावरचं. मालक सुबोधच्या बायकोच्या, रुचिराच्या, अंगात आलं ते याच घरात.

हे सगळं सुरू झालं नितेश नावाच्या एजंटामुळे. तीन सोसायट्यांनी आडनाव विचारून 'कळवतो' म्हटलं होतं आणि कळवलं नव्हतं. शीतलचा नवरा भीमराज कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. नितेशने त्याला रिक्षा स्टँडवर गाठून विचारलं, "भाऊ, तुमच्यात भूतबित मानत नाहीत ना?"

"नाही."

"मग एक जागा आहे."

अकरा महिन्यांचा करार व्हायचा. हे तिघं, म्हणजे नवरा-बायको आणि मुलगी प्रियंका, राहायला यायचे. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब लागायचे, खिडकीत कपडे वाळायचे, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या. हळूहळू इमारतीला त्या घराची सवय व्हायची. नितेशने यावर एक कसोटी काढली होती. "वहिनी, शेजारीण आत येऊन चहा प्यायली ना, की घर साफ." मग मालकाला साधी, न विचारता आडनाव सांगणारी माणसं भाडेकरू म्हणून मिळायची आणि शीतल पुन्हा भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला घ्यायची.

मुलुंडला हा चहा व्हायला सात महिने लागले. समोरच्या रुक्मिणीकाकू मूळच्या कुडाळकडच्या. सहा महिने त्या आपल्या उंबऱ्यावरूनच बोलल्या. सातव्या महिन्यात आत आल्या, खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या आणि चहा पिता पिता रुचिराची गोष्ट सांगू लागल्या.

"साळसूद पोरगी गो. नोकरी करी, घरचा सगळा बघी. मग एकदा बसली ती बसलीच. हाक मारलंव तर बघी, पण आमच्याकडे नाय. आमच्या पाठी कोण उभा असल्यासारखी. सुबोधान भगत आणलो. दोनदा."

भगताने चौकटीच्या चार कोपऱ्यांत चार खिळे ठोकले होते. ते अजून होते. एकावर शीतल भाजीची पिशवी अडकवायची, दुसऱ्यावर प्रियंका कॉलेजचं ओळखपत्र.

"आता कुठे आहे ती?"

"माहेरी, कणकवलीक. बरी आसा म्हणतत."

काकूंनी कप विसळून ठेवला. घर साफ झालं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुबोधचा फोन आला. महिनाअखेरीला करार संपतो, विकत घ्यायला पार्टी तयार आहे, शनिवारी बघायला येतील. भीमराजने सांगून पाहिलं, की मुलीची बारावी आहे, फेब्रुवारीत परीक्षा, तीनच महिने द्या. सुबोध वाईट माणूस नव्हता. पण हे घर एकदाचं हातातून सुटावं, एवढंच त्याला हवं होतं.

दहावीच्या वर्षी प्रियंकाने पूर्वपरीक्षेचा अभ्यास खोक्यांवर पुस्तकं ठेवून केला होता. या वेळी तिने नुसतं विचारलं, "मम्मी, मी पुस्तकं बाहेर राहू देऊ का बांधून ठेवू?"

शुक्रवारी नितेश आला. "वहिनी, एक वाक्य बोला ना यार. नळ आपोआप सुरू होतो म्हणा. पार्टी पळेल. मे महिन्यापर्यंत आरामात राहा."

"आणि तुझं कमिशन?" भीमराज म्हणाला.

"माझी वाट लागेल. पण पोरगी आपली आहे ना."

"नको. दर रविवारी विहारात काय म्हणतो आपण? खोटं बोलणार नाही. आणि हे तर भुताचं खोटं."

"भुताचं म्हणून जास्त लागतं का?"

"हो. जास्त लागतं."

शीतलने दोघांचं ऐकलं आणि पोळ्या लाटत राहिली. दोन्ही बाजू तिला पटत होत्या, आणि त्यातली एकही उचलून धरायची ताकद तिच्यात नव्हती.

शीतल मरोळच्या औद्योगिक वसाहतीत औषधं पॅक करणाऱ्या कारखान्यात लेबलं तपासते. पट्टा सरकत राहतो. तारीख, बॅच, किंमत, तारीख, बॅच, किंमत. त्या शनिवारी तपासणीचे लोक येऊन गेले होते, म्हणून सकाळपासून उभं राहून काम झालं होतं. घरी पोचली तेव्हा साडेपाच वाजले होते. प्रियंका क्लासला, भीमराज बाजारात. केसांत औषधाची पूड बसली होती म्हणून तिने डोक्यावरून पाणी घेतलं. ट्यूबलाइटने डोळे दुखत होते, म्हणून दिवा लावला नाही. फ्रिज आणि भिंत यांच्या मधे एक स्टूल होतं, त्यावर केस मोकळे सोडून ती बसली. पार्टी यायच्या आधी पाच मिनिटं, एवढंच ठरवलं होतं.

बेल बिघडलेली होती. नितेशने आपल्या चावीने दार उघडलं आणि पार्टीला आत घेतलं. नवरा, बायको आणि सासू.

"किचन इकडे," नितेश म्हणाला.

सासू पुढे होती. ती दारात थबकली. "कोण आहे?"

शीतलने वर पाहिलं. 'या' म्हणायचं तिच्या मनात होतं. शब्द तोंडापर्यंत आला आणि पुढे काही झालं नाही. उठावं, दिवा लावावा, पाणी द्यावं, हेही तिला सुचलं. सुचलं आणि ती पाहत राहिली. कुणाकडे असं नाही. समोर जे होतं त्याकडे.

आवाज ऐकून रुक्मिणीकाकू दाराशी आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "थंयच बसायची ती."

पार्टी बाकीचं घर न बघताच जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी सुबोध आला. भीमराजने त्याला बसवलं आणि एका दमात सांगून टाकलं. "काही झालेलं नाही. हिने केस धुतले होते, डोळे दुखत होते, अंधारात बसली होती. तुम्ही त्या लोकांना तसं सांगा, हवं तर मी सांगतो." त्यात आपली तीन महिन्यांची सोय बुडत होती, हे त्याला ठाऊक होतं. प्रियंका आतल्या खोलीत होती आणि पान उलटल्याचा आवाज येत नव्हता.

सुबोधने शीतलला विचारलं, "कुठे बसला होतात?"

"फ्रिजशेजारी."

"काय वाटत होतं?"

"काही नाही. दमले होते."

"नुसतं दमला होतात?"

"हो."

सुबोध चौकटीतल्या खिळ्याकडे, त्यावरच्या भाजीच्या पिशवीकडे बघत राहिला.

"ती पण हेच म्हणायची," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय. आई म्हणाली, दमलेलं माणूस असं बघत नाही." तो उठला. "पार्टी आता परत येत नाही. मी सांगितलं तरी येणार नाही. परीक्षा होऊ दे. मेपर्यंत राहा."



त्यानंतर रुक्मिणीकाकू आत आल्या नाहीत. तिळगुळाची वाटी त्यांनी दाराबाहेर ठेवली आणि बेलही वाजवली नाही, ती तशीही बिघडलेलीच होती. जिन्यात शीतल दिसली की खालच्या मजल्यावरच्या बायका मुलांना जवळ ओढत. भीमराजला याचा फार त्रास झाला. "मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलतो," तो म्हणाला.

"बोला. पण आता नको, प्रियंकाचा पेपर आहे."

प्रियंकाने पुस्तकं बांधली नाहीत.

संध्याकाळी मरोळहून आल्यावर शीतल रोज त्या स्टुलावर बसू लागली. वीस मिनिटं. दिवा बंद. कोणी दार वाजवत नव्हतं, साखर मागायला येत नव्हतं, घरातलंही कोणी हाक मारत नव्हतं. अठरा वर्षांच्या संसारात तिला अशी वीस मिनिटं मिळाली नव्हती. ती रुचिराबद्दल विचार करायची. मग तोही करायची नाही.

एप्रिलच्या शेवटी नितेशचा फोन आला. "वहिनी, अंधेरीला आहे एक. झकास घर आहे. फक्त हॉलमध्ये एक बाई दिसते म्हणतात."

"पाणी किती वाजता?"

"सकाळी सहा."

"आणि किचनमध्ये बसायला जागा आहे का?"

"बसायला?" नितेश म्हणाला. "बघून सांगतो."