भिकुबाईच्या भिंतीवरून तार

चैत सरता सरता कापडण्यात ऊन असं तापतं, की सकाळचा चहा पोटात उतरेपर्यंत पत्र्याला हात लावायची सोय राहत नाही. म्हणून शेवंताबाईचा दिवस कोंबड्याच्या आधी सुरू व्हायचा. परसातल्या वांग्यांना पाणी, कढीपत्त्याला भांड्यांचं धुवण, आणि मग मागच्या पत्र्याच्या खोलीत बसून गव्हाचं पीठ वस्त्रगाळ करायचं. त्या सकाळी ती फडक्यातलं पीठ परातीत झटकत होती, तेव्हा नजीर वायरमन धुळ्याहून सायकलीवर येऊन ठेपला. कॅरिअरला तारेचं भेंडोळं, हँडलला अवजारांची पिशवी.

शेवंताबाई म्हणजे पंचक्रोशीतली मांडेवाली. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरायची आणि पालथ्या खापरावर असा टाकायची, की आरपार जाळ दिसावा. लग्न कुणाचंही असो, मांडे शेवंताबाईचे. पण दोन वर्षांमागं घात झाला. पहाटेच्या अंधारात खिळ्यावरची घासलेटची चिमणी सुटून परातीत पडली. शेवंताबाईनं वरची कणीक काढून फेकली आणि बाकीची वापरली. वऱ्हाडानं एकेक घास घेतला आणि पानं बाजूला सारली. महिन्याभरात शेजारच्या भिकुबाईच्या पोराचं लग्न निघालं, तर भिकुबाईनं मांडेवाली परगावाहून आणली. भिंतीला भिंत लागून, आणि मांडेवाली परगावची. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद.

आता सोनगीरच्या एका लग्नाचं काम आलं होतं, अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, अलीकडचं. शेवंताबाईनं लग्नघरच्यांना सांगून टाकलं होतं, मन्हा खोलीमा आते चिमणी दिसाव नही.

नजीरनं घरापासून खोलीपर्यंत नजर टाकली, मग वर निंबाकडे पाहिलं.

"अक्का, सरळ तार ओढी तं या फांदीखालून जास. फांदी तोडनी पडी."

"फांदी नही तुटाव. तठे झोका बांधतस. मनी पोर लता येनार शे औंदा अखाजीले, दोन वरीसनंतर. तिना सासरानी आते कुठे हो म्हटलं."

"मंग झोका दुसरा झाडले बांधा."

"दुसरं झाड काय तुना बापनी लायेल शे?"

नजीर हसला, पण मान हलवून म्हणाला, "झोकाना दोर तारले घासाई, वरनं रबर छिली जाई. एखादी पोरले झटका बसना तं मी कोले तोंड दखाडू?"

"जमिनमधून ने."

"घूस कुरतडी. घूसनी सोडी तं तुमनी कुदय सोडाव नही."

शेवंताबाईनं वांग्याच्या वाफ्यांकडे बघितलं. ते खरं होतं.

"एक वाट शे," नजीर म्हणाला आणि बोट केलं. घरापासून थेट खोलीपर्यंत गेलेली विटांची भिंत. खिळ्यांनी पट्टी ठोकून तार नेली, की निंबाला धक्का नाही.

भिंत भिकुबाईची.

"दुसरी वाट सांग."

"दुसरी नही अक्का. भिंत नाहीतर फांदी."

शेवंताबाई पदरानं पीठ झटकत उभी राहिली. खोलीत उजेड नाही तर सोनगीरचं काम कोणत्या तोंडानं करायचं? आणि फांदी तोडली तर लता येऊन काय बघणार, खोडाचं थोटूक? शेवटी तिनं पालथा डबा भिंतीशी सरकवला. नजीर त्यावर चढला आणि त्याचं डोकं पलीकडे गेलं. पलीकडे भिकुबाई बाजेवर कुरडया घालत होती. तिनं अवघं ऐकलं होतं. सोऱ्या मघापासून हलला नव्हता.

"नजीरभाऊ, तिले सांग, भिंत मनी शे."

नजीरनं मान वळवली. "अक्का, त्या म्हनतस..."

"माले ऐकू येस. तिले इचार, खिया ठोकाना काय लेशी?"

"भाभी, त्या..."

"मी काय बहिरी शे? सांग तिले, मन्हाकडे काय कमी नही."

नजीर डब्यावर उभा, डोक्यावर ऊन. पलीकडून भिकुबाईचा आवाज आला, पण आता जरा उतरलेला.

"तिले म्हन, दोन अखाज्या व्हयन्यात. झोकावर बसीसनी बठ्ठी गल्लीनं नाव घेस. गिरनीवालीनं घेस, मास्तरनीनं घेस. मनं नाव कोठे गये? मी काय मरी गयी का?"

शेवंताबाईचा हात पदरातच राहिला. अखाजीला झोक्यावरून बायकांची नावं घेऊन टोमण्याची गाणी म्हणायची, आणि जिचं नाव निघालं तिनं तितकंच झणझणीत उत्तर द्यायचं, ही खानदेशची रीत. नाव निघालं म्हणजे ती आपली. शेवंताबाईनं रागानं ते नाव गाळलं होतं, आणि दोन वर्षं तिला वाटत होतं, पलीकडे कुणाला त्याचं काही नाही.

"तिले इचार," ती भिंतीकडे न बघता म्हणाली, "नाव लिधं तं सोसाई का?"

"सोसाव नही. उत्तर दिसू. ठोक खिया, नजीरभाऊ, पन माती मन्हा कुरडयासवर नको पाडू."

माती पडलीच. भिकुबाईनं शिव्या दिल्या, पण नजीरला. आणि त्याला ताकही दिलं. तिसऱ्या प्रहरापर्यंत तार खोलीत पोचली. पत्र्याची खोली म्हणून नजीरनं अर्थिंगची तार वेगळी ओढली, बोर्ड दारामागं बसवला आणि बटण दाबलं. विजेचा गोळा पेटला तशी शेवंताबाईनं आधी परातीत वाकून पाहिलं.

सोनगीरला पानावर एकही मांडा उरला नाही.

अखाजीला लता आली. निंबाला झोका बांधला, गल्लीतल्या पोरी जमल्या. शेवंताबाईनं दोर धरला आणि भिंतीकडे तोंड करून पहिलंच गाणं काढलं:

"बाहेरना मांडा, गोधडीना वानी,
एक घासले भिकुबाई पेस घडाभर पानी."

पोरी खिदळल्या. पलीकडे बाज करकरली. भिकुबाई तिच्यावर चढून भिंतीवर हात टेकून उभी राहिली. उत्तर दोन वर्षं तयार असावं.

"शेवंताना मांडा, घासलेटना वास,
काडी लावा त्याले, उजेड बारा मास."

लता झोक्यावर इतकी हसली, की तिला पाय टेकून थांबावं लागलं. शेवंताबाईनं पदर तोंडाला लावला.

"माय, दुसरं म्हन," लता म्हणाली.

"म्हनसू. खापर तापी गये." शेवंताबाई खोलीत गेली, बटण दाबलं, आणि हाताला तूप चोळून पुरणाचा उंडा उचलला.