मुठेचे गमबूट, न्यूझीलंडचा ट्राउट

परदेशात सुट्टीला जाऊन नदीतले मासे पकडायचे असतील, तर पहिली सूचना ऐका: खोटं बोलू नका. निदान पुतणीला सोबत नेऊन तरी नका.

न्यूझीलंडच्या विमानतळावर माझे विलासकाका फॉर्म भरत होते. निवृत्तीनंतर त्यांची एकच इच्छा उरली होती: ट्राउट (थंड, वाहत्या पाण्यातला ठिपकेदार मासा) आपल्या गळाला लागावा. मासेमारीचा परवाना एकाच दिवसाचा, आणि तो दिवस उद्याचा.

"गळ, बूट, सगळं सामान नवीन आहे म्हणून सांग," ते कुजबुजले. "इथे अडकलं तर माझा दिवस गेला."

"काका, बुटांवर वाळलेलं शेवाळ आहे. नवीन?"

डब्यात हिंग घातलेला कणकेचा गोळा होता. खडकवासल्याचा रोहू म्हणे त्यावर जीव टाकतो. खाद्यपदार्थांच्या रकान्यात काका 'नाही' लिहायला निघाले. "अगं, ते माणसांच्या खाण्याचं विचारतायत. हे माशांचं आहे." असा युक्तिवाद करायला पुण्यातच जन्मावं लागतं.

मी मुठेसाठी चार वर्षं पत्रकं वाटते आहे. नदीच्या बाबतीत खोटं लिहू देणार होय? मी सगळं सांगून टाकलं. अधिकारी बाईंनी विचारलं, "तुमच्या नदीचं पाणी कसं आहे?" मी वर्णन केलं. त्यांनी हातमोज्यांवर हातमोजे चढवले.

गोळा कचऱ्यात गेला, गळ आणि बूट धुवायला. परक्या पाण्याचा थेंबभर ओलावाही इथल्या नदीत रोग नेऊ शकतो, असं बाईंनी समजावलं. सामान सकाळी मिळालं, दवाखान्यासारखा वास मारत.

नदी इतकी स्वच्छ, की मला रागच आला. तळातला दगडन् दगड दिसत होता. काठावर एक आजी गळ टाकून उभ्या होत्या. काका थेट त्यांच्या पुढ्यात पाण्यात घुसले. दुसरी सूचना: आधी आलेल्याच्या पुढे घुसू नये. हे बँकेतल्या रांगेतही लागू आहे, पण ते असो.

"तुमचं पाऊल वाजलं, मासे गेले," आजी म्हणाल्या. "मागे या. वाकून चाला."

काकांना एवढं मुकाट्यानं ऐकताना मी प्रथमच पाहिलं. दुपारी गळाला एक ट्राउट लागला, वीतभर. आजींनी आधी काकांचे हात पाण्यात भिजवायला लावले. कोरड्या हातांनी माशाची कातडी सोलवटते. मग मोजपट्टी धरली. मासा नियमापेक्षा लहान भरला.

"एवढ्याशा फरकानं काय होतंय? बघतंय कोण?" काका मराठीत पुटपुटले.

आजींनी मोजपट्टी तशीच धरून ठेवली. काकांनी माशाकडे पाहिलं आणि पाण्यात हात सैल सोडले.

पुण्यात परतल्यावर पहिल्या रविवारी काका अंगणातल्या नळाखाली न्यूझीलंडच्या पाण्यातून आलेले गमबूट घासत बसलेले. निघाले होते मुठेवर.

"अहो, मुठेला आता आणखी काय व्हायचं राहिलंय?" मी हसले.

काकांनी मान वर केली. "तिथल्या नदीसाठी काकाला परक्या बाईसमोर तोंडघशी पाडलंस. आणि इथे हसतेस?"

चार वर्षं लोकांना बेफिकीर म्हणत हिंडले. मुठेला मेलेली धरून चालणाऱ्यांत मीही आहे, हे तोवर मला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. ब्रश एकच होता. दुसरा बूट मी हातानंच घासायला घेतला.