‘नाही परवडत,’ मी म्हणाले

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यांना नाही, मुलीला नाही. रोज देवापुढे बसते — तिथेही ओठांपर्यंत येतं, आणि मग मी निरांजनाची वात सारखी करायला घेते. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, माझ्या हातचं कधी जेवला नाहीत, म्हणून असेल. जे जेवले आहेत त्यांना सांगणं मला जमणार नाही.

ऐकायला गोष्ट एवढीशी आहे. इंग्लंडमधल्या कॅम्पसाइटची, म्हणजे तंबू-गाड्या लावून राहायच्या जागांची, मेंबरशिप. घ्यावी की नाही, पैसे वसूल होतील का — एवढंच मला विचारलं होतं. मी एका शाळेच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. घरात असले प्रश्न माझ्याकडेच येतात. मी उत्तर दिलं. कुणी मेलं नाही, कुणी लुबाडलं गेलं नाही. मग इतकी वर्षं घशात काय अडकलंय?

मिलिंदपासून सुरू करते. मिलिंद माझा धाकटा दीर. माझं लग्न झालं तेव्हा तो शाळेत होता, म्हणून मी त्याला नावाने हाक मारते, तो मला अहो-जाहो करतो. हे डॉक्टर, नोकरी बदलली की गाव बदलायचं, असं करत आम्ही मिल्टन कीन्सला येऊन टेकलो, आणि थोड्याच दिवसांत मिलिंदही पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर इथे आला. दोन वर्षं आमच्या बॉक्सरूममध्ये, एक पलंग मावेल एवढ्या खोलीत, राहिला. मुलगी तिच्या अभ्यासात, हे ऑन-कॉल नाहीतर झोपलेले. शनिवारी सकाळी मी चहा टाकला की मिलिंद केस न विंचरता खाली यायचा, ओट्यापाशी स्टूल ओढायचा आणि म्हणायचा, “बोला वहिनी, आठवड्याच्या ठळक बातम्या.” आठवडाभरात जेवढं बोलत नसे तेवढं मी त्या एका चहात बोलून घ्यायचे. माणसाला एवढं पुरतं. मला पुरत होतं.

मग त्याचं लग्न करायची वेळ आली. मुली मीच पाहिल्या, आणि अर्चना मी निवडली. का निवडली, तेही सांगून टाकते — फोटोत बुजरी वाटली. नागपूरची, इंग्रजी बेताचं. वाटलं, ही आपल्या धाकात राहील. असं मी तेव्हा स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. पण कळत होतं. असं कळतंच ना आपल्याला?

लग्नानंतर ती दोघं दोन राउंडअबाउट पलीकडे भाड्याच्या घरात गेली. पहिलं वर्ष अवघड गेलं — त्यांना. मला नाही. दोघं एकमेकांना अनोळखी, दोघंही भिडस्त. अर्चना मला फोन करून विचारायची, मिलिंदला वांगं चालतं का. मिलिंद मला विचारायचा, तिला घरात थंडी वाजते का, हीटिंग वाढवू का. एका छपराखाली राहायचं आणि विचारायचं वहिनीला. मी निरोप इकडून तिकडे पोचवायचे. अगदी प्रामाणिकपणे पोचवायचे, तेव्हा. त्यांचा संसार माझ्यामार्फत चालत होता, आणि मला ते आवडत होतं.

अर्चना काही बुजरी नव्हती, हे हळूहळू कळलं. “काय करून राहिल्या ताई?” असं ती फोनवर विचारायची, आणि चार लोकांत मी तिची नक्कल करायचे — लाडाने करते आहे असं दाखवून. ती पण हसायची. एकदा गणपतीच्या जेवणाला सगळ्यांसमोर म्हणाली, “करा करा ताई. पुण्याचे लोक नक्कल पण शुद्धलेखनात करतात.” लोक हसले, तिच्या बाजूने हसले. मिलिंदही. ते मी विसरले नाही.

त्याच सुमाराला मिलिंदने ऑफिसातल्या कुणाकडून तरी एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतली. आत दोन बर्नरची शेगडी, रात्री सीट उलगडून बिछाना. मी म्हटलं, घर असताना माणूस गाडीत कशाला झोपेल? पण ती दोघं जायला लागली. तिच्या मांडीवर रस्त्यांचा नकाशा, तो चालवणार, रस्ता चुकणार. साइटवर गाडी मागे घेताना ही मागून ओरडणार — अजून, अजून, थांब. तिथे मला फोन करून विचारता येत नव्हतं. मग काय करतील? एकमेकांशी बोलायला लागली.

रविवारी परत येताना मी दिलेले डबे पोचवायला थांबायची. चिखलाचे बूट दाराबाहेर, आणि कशावरून तरी हसणं चालू. मी विचारायचे, काय झालं? मिलिंद सांगायला लागायचा आणि मध्येच सोडून द्यायचा. “नाही कळणार वहिनी, तिथे असायला पाहिजे होतं.”

तिथे असायला पाहिजे होतं. त्याला काय माहीत, हे वाक्य मी किती दिवस पोळ्या लाटताना ऐकत होते.

आणि मग ती मेंबरशिप आली. एका कंपनीच्या देशभर साइट्स होत्या. वर्षाची मोठी रक्कम आधी भरायची, मग राहायचं भाडं नावापुरतं. भरण्याआधी एक वीकएंड पाहुणे म्हणून येऊन बघा, असं त्यांचं आमंत्रण होतं. डॉर्सेटची साइट. “ताई, तुम्ही पण चला ना,” असं अर्चनाच म्हणाली. यांची ड्यूटी होती. मी एकटी गेले. ती दोघं व्हॅनमध्ये, मी जवळच्या लाकडी केबिनमध्ये. माझ्यासाठी तिने आठवणीने बिनसाखरेचा चहा वेगळा काढला होता, पाठीला उशी आणली होती. चांगली वागली हो. तिच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती — मी शोधली होती.

अशा साइटवर भांडी घासायला एक सामाईक शेड असते. ओळीने सिंक, वर पत्रा. लोक आपापली भांडी प्लॅस्टिकच्या टबात घालून आणतात. रविवारी सकाळी मी माझा कप घेऊन गेले तर ही दोघं आधीच तिथे. ती घासत होती, तो पुसत होता. एक कढई, दोन बश्या — किती वेळ लागतो? पण ती भांडी संपतच नव्हती. ती एक बशी धुवायची, हातात तशीच धरायची आणि बोलत राहायची. शेजारच्या सिंकवर एक म्हातारा इंग्रज होता. तिने त्याला पोहे खायला दिले असावेत, कारण तो कढईकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला, तिने तिच्या त्या इंग्रजीत उत्तर दिलं, आणि मिलिंद इतका हसला की फडका डोळ्यांना लावावा लागला.

मी त्याला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या स्टुलावर बसून तो हसायचा, नाही असं नाही. पण ते हसणं — मला बरं वाटावं म्हणून असायचं. हे मला त्या शेडच्या दारात कळलं. मी आत गेले नाही. केबिनमध्ये परत जाऊन बाथरूमच्या बेसिनमध्ये कप धुतला.

परत आल्यावर माहितीपत्रक माझ्या टेबलावर आलं. हिशोब सोपा होता. वारंवार गेलात तर वसूल, नाहीतर पैसे पाण्यात. म्हणजे प्रश्न पैशांचा नव्हताच. तुम्हाला जायचंय का, हा होता. आणि तो एकमेकांना विचारण्याइतकी ती दोघं अजून धीट झाली नव्हती. अजून थोडे वीकएंड मिळाले असते तर झाली असती.

मिलिंद ऑफिसातून परस्पर आला. टाय सैल करून स्टुलावर बसला. “वहिनी, तिला विचाराल का? तो चिखल, ती सामाईक बाथरूम, संडासाचा डबा रिकामा करणं — माझ्यासाठी सहन करत असेल तर मला नको. मी विचारलं तर ती हो म्हणणार. तुम्हाला खरं सांगेल.”

दुसऱ्या दिवशी अर्चनाचा फोन. “ताई, मिलिंदला विचारा ना. मी घरात कंटाळते म्हणून तो हे करून राहिला असेल तर नको बापा एवढा खर्च. पण मला —” इथे ती थांबली. “मला तिथे फार बरं वाटते ताई. तिथे तो माझ्याशी बोलतो.”

दोन्ही उत्तरं माझ्याकडे होती. तिला आवडतं रे, एवढंच त्याला सांगायचं. त्यालाही आवडतं ग, एवढंच तिला. दुसऱ्या कुणाच्या हातात असं काही असतं तर त्याने काय केलं असतं, याचा मी फार विचार केला आहे.

मी मिलिंदला सांगितलं, “तिला किळस येते रे तिथल्या बाथरूमची. तुझ्यासाठी येते बिचारी. पण मी सांगितलं असं म्हणू नकोस, लाजेल ती.”

मी अर्चनाला सांगितलं, “तो दमलाय ग. आठवडाभर ऑफिसला गाडी हाकायची, शनिवारी परत तेच. तू एकटी पडतेस म्हणून करतो. पण मी बोलले असं कळू देऊ नकोस, त्याला कमीपणा वाटेल.”

शेवटची दोन वाक्यं बघा. ती अचानक तोंडातून गेलेली नाहीत. त्यांनी दार बंद होतं, हे मला माहीत होतं. मी आदल्या रात्री ती मनात म्हणून पाहिली होती.

पुढच्या रविवारी दोघांना जेवायला बोलावलं. यासाठी बोलावलं — मला बघायचं होतं. वरण-भात वाढत असताना मिलिंदने विषय काढला. माझ्याकडे बघून विचारलं, “मग काय वहिनी, निकाल?”

“नाही परवडत,” मी म्हणाले. “दर दुसऱ्या शनिवारी जाणार आहात का? नाही ना? मग पैसे फुकट.”

मिलिंद ताटाकडे बघत म्हणाला, “हो ना. तसंही पुरे झालं ग अर्चना आता. घरी पडून राहू जरा.”

“मला पण तेच वाटत होतं,” ती म्हणाली. “उगाच कशाला.”

दोघांनी एकमेकांवर केवढी मेहेरबानी केली. आणि दोघांचे चेहरे — तिने भात कालवला आणि कालवतच राहिली. मी तुपाची वाटी घेऊन मध्ये उभी होते. मला वाईट वाटलं का? नाही. खोटं कशाला बोलू आता. मला बरं वाटलं. माझ्या हाताला चव आली होती त्या दिवशी. यांनी दोनदा आमटी मागून घेतली.

व्हॅन उन्हाळ्याआधी विकली. मिलिंदने लंडनपलीकडे क्रॉयडनचं काम घेतलं, आठवडाभर तिकडेच राहायचा. अर्चनाला इथे एका गोदामाच्या ऑफिसात नोकरी लागली. भांडण कधी झालं नाही. लोक म्हणायचे, काय समजूतदार जोडपं आहे, एकमेकांना शब्दाने दुखवत नाहीत. खरंच दुखवत नव्हते. दुखवायला बोलावं लागतं.

काही वर्षं अशी गेली. मग तिच्या आईच्या आजारपणासाठी ती नागपूरला गेली, मुक्काम लांबवून परत आली, पुन्हा गेली. शेवटी तिथेच एका शाळेत लागते आहे म्हणाली. जायच्या आधी मला भेटायला आली. मी चहा केला, बिनसाखरेचा माझा, साखरेचा तिचा. तिने अर्धा चहा घेतला. मग म्हणाली —

“ताई, एकच विचारते. त्या कॅम्पिंगच्या वेळी मी तुम्हाला सांगितलं होतं ना, मला तिथे बरं वाटते म्हणून. ते तुम्ही मिलिंदला सांगितलं होतं?”

इथपर्यंत जे सांगितलं ते एकवेळ मी सांगूही शकले असते कुणाला तरी. मत्सर होता, झालं, म्हणून. सांगता येत नाही ते हे आहे. कारण या वेळी मत्सर नव्हता. ती चाललीच होती. तिची बॅग भरलेली होती. ‘नाही’ म्हटलं असतं तर माझं नाक कापलं गेलं असतं, आणि ती बहुतेक त्या दिवशी गेली नसती. मिलिंद घरी होता. दोन राउंडअबाउट पलीकडे, तिला सोडायला गाडी काढून बसला होता.

मी म्हणाले, “सांगितलं होतं ग. अगदी तुझ्या शब्दांत.”

तिने मान हलवली. दोनदा. म्हणजे त्याला माहीत होतं, आणि तरी त्याने व्हॅन विकली — हे तिच्या चेहऱ्यावर बसताना मी पाहिलं. नजर वळवली नाही. तिने चहा संपवला, कप धुवून पालथा घातला, माझ्या पाया पडली. मी आशीर्वाद दिला.

कागदोपत्री ती अजून नवरा-बायको आहेत. मिलिंद तिच्याबद्दल वाईट बोलत नाही. एकदाच म्हणाला, “तिला इथलं काहीच आवडलं नाही वहिनी. मी फार ओढलं तिला.” मी बटाटे सोलत होते. सोलत राहिले.

हल्ली तो शनिवारी सकाळी येतो. केस पांढरे झालेत, आता विंचरलेले असतात. स्टूल ओढतो, “बोला वहिनी,” म्हणतो. मी चहा टाकते. बोलायला माझ्याकडे फारसं काही नसतं, त्याच्याकडेही नसतं. चहा झाला की तो उठून दोन्ही कप सिंकमध्ये धुतो, आणि मी फडका घेऊन शेजारी उभी राहते.