तव्यावरचे सेल
घड्याळातला सेल पाझरला आणि त्या खारट-आंबूस वासानं मला थेट सासरी, मार्गासनी गावातल्या चुलीपुढं नेऊन बसवलं. मी नवी सून होते. रेडिओचा आवाज बसला की सासरे त्यातले सेल माझ्या भाकरीच्या तव्यावर शेकायला ठेवत. "ऊब लागली की जीव येतो," म्हणत. एकदा त्यातला एक फुटला आणि आतल्या खारट नवसागराचा काळा, बुळबुळीत चिखल भाकरीवर उडाला. सासऱ्यांनी तो बोटानं निपटला आणि भाकरी सासूबाईंपुढं सरकवली. "खा, मीठच हाय त्ये." मग टॉर्चमधला चांगला सेल रेडिओत घालून बातम्या ऐकत बसले. बातम्या चालू असताना सासूबाईंनी ती भाकरी खाल्ली. अजून रेडिओवर बातम्या लागल्या की माझ्या तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.