एक, तीन, चार, दोन

मोटार सुरू करण्याआधी कल्लाप्पा रोज तिच्या बॉनेटवर चार ठिकाणी बोट टेकवायचा. पहिल्या जागी, मग तिसऱ्या, चौथ्या आणि शेवटी दुसऱ्या. मगच हँडल मारायचा. उतारूंना वाटे, गडी देवाचं नाव घेतोय.

ही सवय त्याला छत्तीस सालच्या एका दिवसानं लावली होती.

बेळगावजवळच्या शहापुरात त्याचं घर विणकराचं. निपाणीच्या मारुतीरावांनी बेळगाव-निपाणी सर्व्हिस मोटार घातली, तेव्हा घरचा माग बायकोवर, बायाक्कावर सोपवून तो त्यांच्याकडे मिस्त्री झाला. दोन वर्षांनी इंजिन पहिल्यांदाच उघडायची वेळ आली. तीन दिवस खपून त्यानं आतली काजळी खरवडली, सगळं परत जोडलं आणि हँडल मारलं. मोटार एकदा खोकली, फटकन आवाज झाला, आणि गप्प.

मारुतीराव शेडच्या दारातच उभे होते. "उद्या सकाळी गाडी सुटली न्हाय, तर कोल्हापूरचा मिस्त्री आणतो. तू आपला मागावर जा रं, कल्लाप्पा."

पेट्रोल येत होतं. प्लग ओले निघत होते. तारांतून ठिणगीही पडत होती, चारही प्लगवर, निळी आणि स्वच्छ. मग अडलं कुठं? दुपारी बायाक्का भाकरी घेऊन आली तरी तो इंजिनाकडेच बघत बसला होता.

"अवं, सोडताना कुठली तार कुठं, खूण केलती न्हवं?"

"चार तारांना खूण? दोन हजार धागं ध्यानात ठेवणारा मानूस मी!"

"मग लावल्या कशा?"

"एकाला एक, दोनाला दोन. फणीत धागं भरल्यागत, ओळीनं."

बायाक्का हसली. "आणि काठ विणताना पायाखालच्या पट्ट्या बी ओळीनं दाबता व्हय? उठली मग नक्षी!"

कल्लाप्पाचा घास हातातच राहिला. काठाच्या पट्ट्या उड्या मारत दाबाव्या लागतात. इंजिनाच्या पोटातही तसाच काही क्रम असेल का? पण तो दिसायचा कसा?

त्यानं चारही प्लग काढले आणि भोकांत चिंध्यांचे बोळे सैल खुपसले; जिथं हवा दाबली जाईल तिथला बोळा उडेल, आणि ठिणगी तिथंच हवी. "हँडल फिरव गं, हळू."

बायाक्कानं पदर खोचला. पहिला बोळा उडाला. पुढचा उडाला तो दुसरा नव्हे, तिसरा. मग चौथा. दुसरा सगळ्यांत मागून.

"परत फिरव!"

परत तेच. त्यानं तारा त्या क्रमानं लावल्या, प्लग घट्ट केले, हँडल मारलं. शेड थरथरली. बायाक्का भाकरीचं फडकं छातीशी धरून दारापर्यंत पळाली आणि तिथून हसत राहिली.

सकाळी मोटार वेळेवर सुटली आणि काकतीवरून निपाणीकडे गेली. मारुतीराव निघताना एवढंच म्हणाले, "सांच्याला तेल बघून ठेव." कल्लाप्पाला तेवढं पुरलं.

पुढं तो लुगड्याचे रंगीत दोरे खिशात ठेवू लागला. प्रत्येक तारेला वेगळा दोरा बांधल्याशिवाय काही सोडायचा नाही. उतारूंचा देवाबद्दलचा समज मात्र त्यानं कधी मोडला नाही.

सेहेचाळीसच्या थंडीत तो तापानं अंथरुणाला लागला. बायाक्का जुना माग उतरवत होती; गाठी सोडत होती. कल्लाप्पा खाटेवरून बघत होता. त्याचं शेवटचं बोलणं एवढंच झालं.

"आधी दोरा बांध गं, मग सोड. आणि जरा चा ठेव."