पडलेल्यांची चौकशी

पडलेल्याला उचलणारे पुष्कळ, हसणारे त्याहून पुष्कळ, पण पडलेल्याच्या उशाशी बसून "पडताना पाय नेमका कुठं होता?" असं विचारणारा अख्ख्या अंबरनाथ-बदलापुरात एकच, आणि तो माझ्याच सासुरवाडीत जन्मला. आमच्या हिचा धाकटा भाऊ. मांजर्लीकडं इमारती उठतायत, तिथं तो सेफ्टीचं बघतो. म्हणजे सकाळी वर चढलेला माणूस संध्याकाळी आपल्या पायांनी खाली आला पाहिजे, एवढंच. पण याची चौकशी साइटपुरती थांबत नाही. कुणी जिन्यावरून पडलं, कुणी पत्र्यावरून, कानावर आलं की हा शहाळं घेऊन हजर. आणि गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमची ही स्वयंपाकघरात स्टुलावरून पडली, तिसऱ्या दिवशी गेली. तेव्हापासून हा मला तो प्रश्न कधी विचारतो, याची मी वाट बघत होतो. खरं तर भीत होतो.

एकदा मला घेऊन मोरिवलीत गेला होता. एक माणूस गोडाऊनच्या सिमेंटच्या पत्र्यातून खाली आला होता, पाय प्लास्टरमध्ये टांगलेला. यानं शहाळं ठेवलं, वही काढली. "पाय पत्र्यावर होता की पत्र्याखालच्या अँगलवर?" त्या माणसाची बायको तडकली, "अहो, बरं आहे का तेवढं तरी विचारा आधी!" हा म्हणतो, "वहिनी, बरं नाही ते दिसतंय. जे दिसत नाही ते विचारतोय." तासभर बसला. पत्रा किती जुना, वर फळी टाकली होती का, कुणी पाठवलं. माझी चिडचिड झाली होती, पण घरी येताना मीच वही मागितली. आत नुसती पावलं काढलेली. प्रत्येक पडलेल्या माणसाचं शेवटचं पाऊल. मी ती वही चहा गार होईपर्यंत बघत बसलो.

लग्नात जेवायला बसला तर आधी खुर्ची हलवून बघणार. उल्हासनगरला पुतणीच्या लग्नात अंतरपाट धरला होता आणि हा स्टेजखाली! मंगलाष्टकं चालू असताना हातात एक सुटी खुंटी घेऊन बाहेर आला आणि भटजींना म्हणाला, "तुम्ही जरा डावीकडं सरका." आमची ही पदर तोंडात धरून हसत होती.

साइटवर सेफ्टीचा पट्टा सगळे बांधतात, कारण कंपनीवाले फोटो काढतात. पट्ट्याचा हूक वर दोराला अडकवायचा असतो, तो मात्र मागं शेपटासारखा लोंबत. यानं बैलाच्या गळ्यातल्या घंट्या आणल्या. मोकळा हूक दिसला की मागून गुपचूप एक घंटी अडकवायची. माणूस चालला की सगळ्या साइटला ऐकू जातं.

"साब, बकरी बना दिया!" एक प्लास्टरवाला ओरडला.

"अरे, बकरी कड्यावर चढते, पडते का कधी? तू आधी बकरी तर हो!"

मी स्वतः चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. बांबूच्या परांचीवर अनवाणी, पट्टा नाही, दोर नाही, आणि कधी पडलो नाही. हे त्याला छाती काढून सांगितलं, तर म्हणाला, "दाजी, ती तुमची हुशारी नव्हे. त्या बांबूची मेहरबानी." आणि एका शब्दाचा त्याला फार राग. सांभाळून. "कठडा लावायचा कंटाळा आला की माणूस दुसऱ्याला 'सांभाळून' म्हणतो." हे मला लागतं. कारण त्या दिवशी तिनं आतून हाक मारली होती, "अहो, जरा स्टूल धरता का?" आणि मी टीव्हीसमोरून म्हणालो होतो, "सांभाळून चढ." हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. माणसं भेटायला आली, म्हणाली, नशीब, घटका भरली. मी मान हलवली.

वर्षश्राद्धाला पाहुणे गेले तरी तो थांबला. स्वयंपाकघरात उभा राहून माळ्यावरच्या डब्यांकडं बघत होता. विचारलं मात्र नाही. शेवटी मीच म्हणालो, "तू सगळ्यांना विचारतोस. मला का नाही?"

"दाजी, राहू दे."

"नाही. ऐक. तिनं हाक मारली होती. मी उठलो नाही."

मला वाटलं, आता हा परत येणार नाही. मग म्हणाला, "स्टूल धरायला माणूस लागतो तिथं कामच चुकीचं, दाजी. माणूस एक दिवस येत नाहीच." आणि माळ्याकडं बघत, "मी दर भाऊबीजेला इथंच बसून जेवलो. कधी वर बघितलं नाही."

पुढच्या रविवारी फळ्या, ड्रिल घेऊन आला. माळ्यावरचा एकेक डबा उतरवला. भिंतीपाशी पेन्सिल घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ताईचा खांदा कुठवर यायचा?" आता कशाला, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण माझ्या छातीपाशी हात धरून दाखवला, इथं. त्यानं तिथं रेघ मारली.

डबे आता त्या रेघेच्या खाली आहेत. साखर घ्यायची तर मला जरा वाकावं लागतं. वाकतो.